कोपर मोजणारा कोनमापक

मी एक जुना कोनमापक आहे. नाही मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीतला अर्धगोल नव्हे. तो माझा लांबचा भाऊ. तो वहीवरचे त्रिकोण मोजतो, मी माणसांचे सांधे मोजतो. कोपर किती उघडतो, गुडघा किती दुमडतो, खांदा किती वर जातो, हे मी सांगतो. मला दोन लांब पट्ट्या आहेत आणि त्या मध्ये एका खिळ्यानं जोडल्या आहेत. एक पट्टी जागेवर राहते, दुसरी हातापायाबरोबर फिरते. शिकलेले लोक मला गोनिओमीटर म्हणतात. केजमध्ये ते नाव कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. तिथं मी नुसती ‘ताईची पट्टी’ होतो.

माझा जन्म अंबाल्याकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी संभाजीनगरच्या एका दुकानात आलो आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या राजनंदिनीताईनं मला विकत घेतलं. तिच्या अभ्यासात कायनेसिऑलॉजी नावाचा विषय होता. नावाला घाबरू नका. शरीर हलतं कसं, एवढंच ते शास्त्र सांगतं. ताई त्या विषयाच्या प्रेमातच पडली. वसतिगृहाच्या जेवणघरात मावशी पोळी लाटायला लागल्या की ही मला घेऊन त्यांच्या मनगटाला लावायची. मावशी म्हणायच्या, “अगं, पोळी जळंल ना माझी!” बाकीच्या मुली शिकून पुण्या-मुंबईला जाणार होत्या. ताईला आपल्या केजला परत यायचं होतं. हेच काम जन्मभर करायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

तिचे वडील अप्पाराव केजजवळच्या एका गावचे माजी सरपंच. भारदस्त गडी, शब्दाला वजन. त्यांना हे शिक्षण काही उमगलं नव्हतं. “सुई न्हाई, गोळी न्हाई, मग डॉक्टर कशाचा?” असं ते तिला चिडवायचे. आणि पारावर गेले की छाती फुगवून सांगायचे, “आमची नंदू लई अवघड शिकतीय. तुमाला न्हाई कळायचं.”

ताईनं केजला बसस्थानकामागे एक गाळा घेतला. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. पहिला माणूस आला धोंडीराम न्हावी. त्याचा खांदा असा आखडला होता की गिऱ्हाइकाच्या डोक्यापर्यंत वस्तरा पोहोचेना. ताई रोज त्याच्याकडून व्यायाम करून घ्यायची आणि मध्येमध्ये मला त्याच्या खांद्याला लावायची. मी पुढे सरकलो की तिचा चेहरा फुलायचा. एके दिवशी धोंडीरामनं दोन्ही हात सरळ वर केले आणि तसाच उभा राहिला. खाली घ्यायलाच तयार नाही. मग म्हणाला, “लई इमानी पट्टी हाय ताई तुमची.” मी खरंच इमानी आहे. कमी असेल तर कमी, जास्त असेल तर जास्त सांगतो. या गुणाचा मला फार अभिमान होता.

पुढे गाळ्याबाहेर चपलांची गर्दी व्हायला लागली. आणि एका सकाळी ताईच्या भावाचा, अमरसिंहाचा फोन आला. अप्पारावांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला आणि घरी सोडताना बजावून सांगितलं, की हात वापरता ठेवा, पडून राहू देऊ नका. ताईनं मला त्यांच्या कोपराला लावलं तेव्हा माझ्याही जीवात जीव आला. तिनं धरून उघडला की कोपर सहज उघडत होता. बोटांत थोडी हालचाल होती. हा हात परत येण्यासारखा होता, मित्रांनो. मी मोजलं आहे, म्हणून सांगतो.

पण त्या घरात सेवा सुरू झाली होती. ताईची आई विमलबाई नवऱ्याला हातही हलवू देईना. पाणी पाजायची, तोंड पुसायची, घास भरवायची. बैठकीत दिवसभर भेटायला येणारी माणसं. आलेला प्रत्येक जण अप्पांच्या तोंडात काही ना काही घालूनच जायचा. उजवा हात बिचारा उशीवर पडून असायचा. त्याला कुणी काही कामच सांगत नव्हतं.

ताईनं एका दुपारी अप्पांना लोडाला टेकवून बसवलं. पुढं ताटात भाकरी आणि दूध ठेवलं आणि म्हणाली, “अप्पा, तुमीच चुरा. सांडू द्या, मी हाय.” अप्पांनी उजवा हात ताटात नेला. बोटं दुधात घसरत होती. तुकडे छातीवर पडत होते, मांडीवर पडत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात मागं घेतला नाही. विमलबाई मदतीला वाकली तर त्यांनी मान हलवली. जड जिभेनं म्हणाले, “मी... मीच.” एक तुकडा ओठापर्यंत पोहोचला. ताई हसत होती आणि रडतही होती.

नेमके तेव्हाच माजलगावकडचे पाहुणे दारात आले. सरपंच राहिलेला माणूस दुधानं माखून बसलेला त्यांनी पाहिला. एक म्हातारी हळहळली, “आगं माय, माणसाची काय ही दशा केली!” अमरसिंहाला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. त्याचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर तो ताईवर उखडला.

“या घरात बापाला घास भरवाया कुणी उरलं न्हाई का? माणसं काय म्हणतील?”

“दादा, भरवलं तर हात जाईल.”

“जाऊ दे. आमी हावोत ना.”

विमलबाईनं ताट उचललं आणि पदरानं अप्पांची छाती पुसली. म्हणाली, “कावून छळतीस गं त्यांना? जलमभर त्यांनी दुसऱ्याला खाऊ घातलं. आता आमाला करू दे की.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती माया होती. त्या मायेपुढं ताईचं शिक्षण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्याच आठवड्यात अमरसिंहानं कुठून तरी एक जाणता आणला. त्यानं कबुतराचं रक्त चोळलं, हात छातीशी दुमडून लाल फडक्यात घट्ट बांधला आणि अमावस्येपर्यंत सोडायचा नाही असं सांगितलं. ताई भांडली, हातापाया पडली. शेवटी घरात अबोला धरला. कुणी ऐकलं नाही.

फडकं सुटलं त्या दिवशी तिनं मला पुन्हा कोपराला लावलं. पट्टी थोडी सरकली आणि अडली. तिनं हलकेच जोर दिला. अप्पा कण्हले. तिनं माझे आकडे दोनदा वाचले. मित्रांनो, तेव्हा मला खोटं बोलावंसं वाटलं. पण मला ते येत नाही.

गावात बोलायला किती वेळ लागतो? दिव्याखाली अंधार, घरचा बाप बरा करता आला नाही, ती आपल्याला काय करणार! गाळ्याबाहेरच्या चपला कमी होत गेल्या. धोंडीराम तेवढा येऊन बसायचा, पण त्याचा खांदा तर बरा झाला होता. ताईनं कुलूप लावलं आणि पुण्याला गुडघ्याचे पट्टे विकणाऱ्या एका दुकानात नोकरी धरली. मला तिनं नेलं नाही. मी घरच्या कपाटात जुन्या औषधांच्या बाटल्यांमागे पडलो. माझे आकडे पुसट झाले आहेत, खिळा गंजला आहे.

कपाटाच्या काचेतून मला बैठक दिसते. येणारे पाहुणे विमलबाईचे गुण गातात, “सेवा करावी तर हिनं.” अप्पा आता काही म्हणत नाहीत. ताट वाजलं की तोंड उघडून बसतात.

या दिवाळीला ताई आली. दुपारी विमलबाई चुलीपाशी अडकली होती, म्हणून ताट ताईच्या हातात आलं. तिनं अप्पांचा आखडलेला हात उचलून पाहिला आणि परत उशीवर ठेवला. मग भाकरी चुरली, घास केला आणि त्यांच्या तोंडात घातला. दारात उभी राहून विमलबाई कौतुकानं म्हणाली, “आता कशी शाणी झाली माझी पोर.” ताईनं पुढचा घास केला.

मित्रांनो, मला उचलून पुसावं, तेल घालावं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं काय, मी प्लास्टिक आहे. पण तुमच्या घरात कुणाचा हात थरथरत ताटाकडे जात असेल, तर तुमचा हात मागं ठेवा. सांडू द्या. पाहुणे बसले असले तरी सांडू द्या.