ठकी सगळ्यांना पाठ होती

मी एक जुनी रबरी बाहुली आहे. पण मित्रांनो, खेळण्यातली नव्हे हं! मला कुणी लुटुपुटीचा चहा पाजला नाही, की माझ्यासाठी झबलं शिवलं नाही. डॉक्टर आणि नर्स यांनी माझ्यावर सराव करावा म्हणून मी जन्मले. कारखान्यात माझ्या पोटात वाळूच्या पिशव्या कोंबल्या, काट्यावर ठेवलं, आणि बरोब्बर बारा किलो भरल्यावर पाठ शिवून टाकली. उंची आणि वजन दोन-अडीच वर्षांच्या मुलाएवढं. बोलता येत नाही, एवढंच काय ते कमी.

रुग्णालयात आले तेव्हा मोठ्या सिस्टरांनी माझं नाव ठेवलं ठकी. त्या कडक होत्या, पण माझे केस मात्र स्वतःच्या हातांनी पुसायच्या. त्या सगळ्यांना सांगत, "मोठा अपघात झाला की मुलं एकटी येतात. वजन सांगायला आई जवळ नसते. आणि मुलाचं औषध तर वजनावरच ठरतं. मग काय करायचं? टेप लावायची!"

ती रंगीत पट्ट्यांची, उंचीवरून वजनाचा अंदाज देणारी टेप होती. मुलाच्या डोक्यापासून ती अंथरायची, टाच ज्या रंगावर येईल त्याच रंगाचा ट्रॉलीचा खण उघडायचा. तेवढ्या मापाच्या मुलाची नळी, मास्क, औषधाचा तक्ता, सगळं त्यात तयार. माझी टाच पिवळ्यावर यायची.

अहाहा, काय दिवस होते ते! दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घंटा वाजायची आणि वॉर्डातले मामा मला उचलून फाटकापासून पळत आणायचे. वर माझ्या वतीने "आई गं, मेले गं!" असं ओरडायचेही. सगळे हसायचे, मोठ्या सिस्टर डोळे वटारायच्या. मला तर स्वतःचा फार थाट वाटायचा.

धाकट्या सिस्टर सगळ्यांत चपळ. टेप उलगडायच्या आत त्यांचा हात पिवळ्या खणावर! सगळे वाहवा करायचे, आणि मीही वेडी, मनात खूश व्हायचे. सात वर्षं मी एकाच उंचीची राहिले, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग एका दुपारी घंटा वाजली. तो सोमवार नव्हता.

जवळच्या पाळणाघराचं छत कोसळलं होतं. एकामागून एक नऊ मुलं आली. मी खिडकीत पडून पाहत होते. मामांनी पडद्यात गुंडाळलेली एक चिमुरडी आणली. सगळी धुळीने माखलेली. तिला झटके येत होते. धाकट्या सिस्टरांनी पिवळा खण ओढला आणि झटक्यांचं औषध सुईत भरलं. मित्रांनो, हे औषध जास्त झालं तर लहान मुलाचा श्वासच मंदावतो. मला किंचाळावंसं वाटलं, पण रबराला कुठला आवाज!

"सिस्टर, थांबा!" मामा म्हणाले. "ही ठकीपेक्षा हलकी आहे हो. ठकीला उचलून माझे हात मोडलेत, मला कळतं!"

सिस्टरांचा हात थबकला. मोठ्या सिस्टरांनी पडदा बाजूला करून टेप लावली. टाच पिवळ्याच्या बरीच अलीकडे, लाल पट्ट्यावर होती. आठ किलो! सुईत दीडपट औषध होतं. ते टाकून दिलं, नवं भरलं, आणि थोड्याच वेळात झटके थांबले.

संध्याकाळी धाकट्या सिस्टर माझ्यासमोर बसून ढसाढसा रडल्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "डोळे पूस. चूक तुझ्या एकटीची नाही. आपण टेप शिकलोच नाही, ठकी पाठ केली." मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं!

त्यानंतर चार नव्या बाहुल्या आल्या, चार उंचीच्या. टेप लावून रंग मोठ्याने सांगितल्याशिवाय खण उघडायचा नाही, असा नियम झाला. मी कपाटावर गेले. धूळ बसते, पहिले सोमवार खालून ऐकू येतात. आठवण येते हो, खोटं कशाला बोलू?

दीडेक वर्ष गेलं, आणि गेल्या आठवड्यात तीच मुलगी आईबरोबर तपासणीला आली होती, आपल्या पायांनी तुरुतुरु चालत! मामांनी मला खाली काढून तिच्याशेजारी उभं केलं. डोकी अगदी बरोबरीला.

"बघा, ठकीएवढी झाली!" मामा म्हणाले. "सिस्टर, आता तरी पिवळी ना?"

धाकट्या सिस्टर हसल्या. त्यांनी मुलीला खाटेवर झोपवलं, खिशातून टेप काढली, डोक्यापासून टाचेपर्यंत नीट अंथरली, वाकून पाहिलं आणि मगच मोठ्याने म्हणाल्या, "पिवळी."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी डॉक्टर व्हाल, कुणी नर्स, कुणी मामांसारखे. माझी आठवण ठेवा, माझी उंची मात्र खुशाल विसरा. समोर मूल आलं, की ते नव्याने मोजा.