खांद्यावरचं मेंढरू

मेडिकलच्या तयारीचा क्लास चालवणाऱ्या शिवकुमार सरांना बायबलातला तो दाखला मालविकानंच सांगितला होता. ती लातूरच्या बी.एड. कॉलेजात शिकवायची. नांदेडच्या विद्यापीठात तिचा प्रबंध चालू होता, मेंढपाळाच्या दाखल्याचा अर्थ आणि शाळेतलं नेतृत्व यावर. सरांच्या क्लासात तिनं भाषण दिलं. नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडून मेंढपाळ हरवलेलं एक शोधायला जातो, खांद्यावर घालून घरी आणतो, शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. मागं पडलेल्या पोराकडं जा, असा त्याचा अर्थ तिनं सांगितला. सरांनी तो उलटा करून घेतला. नव्व्याण्णव सोडा, एक धरा. फी नव्व्याण्णवांनी भरायची, चौकात फोटो एकाचा.

ते एक म्हणजे स्वप्नाली. त्र्याण्णवच्या भूकंपात, ती लहान असताना, तिचे आईबाप, भाऊ सगळे दगडी भिंतीखाली गेले. निलंग्याच्या जगदेवी मावशीनं वाढवलं. आता पोरगी बारावीला. परीक्षा लांब होती, पण चौकात बोर्ड लागलासुद्धा: ‘ढिगाऱ्यातून डॉक्टरकीकडे’. मेलेल्यांच्या दगडांवरही धंदा उभा करतात ही माणसं.

भूकंपापासून स्वप्नाली छताखाली झोपली नव्हती. क्लासच्या होस्टेलच्या गच्चीवर अंथरूण टाकायची. सरांनी आधी चालवून घेतलं. मग थंडीत ती तापानं पडली, टेस्ट बुडाल्या. सरांनी गच्चीला कुलूप ठोकलं.

पोरगी निघाली ती थेट मालविकाच्या दारात आली. प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखतीपासून दोघींची ओळख होती. तेव्हा बाकीच्या पोरांनी मेंढपाळाचं कौतुक सांगितलं. हिनं विचारलं, "मॅडम, मेंढरू घरी नेल्यावर फुडं काय करतेत त्याचं?" मालविका हसली होती. आता हसू येईना.

घरामागं भूकंपाच्या वेळचं पत्र्याचं शेड होतं. पत्रा अंगावर पडला तरी माणूस दबत नाही, म्हणत स्वप्नाली तिथं आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात जीप थांबली.

"नव्व्याण्णव सोडून आलोय मॅडम," ओट्यावर बसत सर हसले. "तुमच्या दाखल्यावानी. कालपासून शोधायलोय."

"इथं नाही ती."

"बरं. प्रबंध कुठवर आला? आमच्या पोरांच्या मुलाखती हायत ना त्यात? दिलेली परवानगी काढूनही घेता येते. तुमचे गाईड मार्तंड सर आमचेच."

"घ्या काढून! जाळून टाकते प्रबंध. त्या दाखल्यात मेंढराला कुणी विचारत नाही, सर. मी विचारलंय. तिला यायचं नाही."

"इथं नाही म्हणालात ना?"

सरांनी जीपकडं बघून नुसती मान हलवली. जगदेवी मावशी उतरली. तिला सरांनी होस्टेलच्या मेसमध्ये कामाला ठेवलं होतं, तिची दोन पोरं क्लासात फुकट शिकत होती.

"सपने, भाईर ये गं बाई. सर देवमाणूस हाय. तुझ्यापायी माझी लेकरं बी हाकलतील की."

शेडचा पत्रा वाजला. स्वप्नाली बाहेर आली. "मावशे, गच्चीचं कुलूप काढा म्हणाव."

"काढू की," सर म्हणाले. "परीक्षा झाल्यावर."

मालविका वाट अडवून उभी राहिली. "मावशी, तुमच्या बहिणीची पोर आहे ही!"

"म्हणूनच नेतेय. तुम्ही लई शिकलाव मॅडम. उद्या आमाला कोण सांभाळनार, तुमचं पुस्तक?"

स्वप्नाली स्वतःच जीपकडं चालायला लागली. सरांनी तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली. मग जीपमधून पेढ्यांचा डबा काढला आणि गल्लीत वाटला. "सापडली आमची पोरगी! घ्या, तोंड गोड करा." डबा येतानाच आणलेला होता. गल्लीनं पेढे खाल्ले. कुणी काही विचारलं नाही.

दिवेलागणीला धक्का बसला, फडताळातली भांडी वाजली. लातूरला सवय झालेली. गल्ली बाहेर आली, "गेला, गेला" म्हणून हसली. मालविकानं होस्टेलला फोन लावला. वॉचमन बसवंतनं उचलला.

"पोरं सुखरूप हायत मॅडम. समदी मैदानात आणलीत."

"स्वप्नाली?"

"तिला वरच्या खोलीत अभ्यासाला बसवलंय. पळून जाऊ नये म्हणून भाईरनं कुलूप हाय. किल्ली सरांकडं. सर नांदेडला गेलेत, मार्तंड सरांच्या कार्यक्रमाला. नेतृत्वावर बोलायला."

"फोड ते कुलूप! बसवंत, दगड घे, फोड!"

"सरांना इचारावं लागंल, मॅडम."

तिच्या पायाखालची फरशी परत हलली, आता पहिल्यापेक्षा जोरात. फोनमधून मैदानातल्या पोरांचा गलका ऐकू आला. आणि त्याच्या वर, कुणीतरी आतून दार बडवत असल्याचा आवाज.