चौदा युनिट

घरोघरी जाऊन पेशंटला इंजेक्शन देणाऱ्या बायकांच्या इन्सुलिनच्या वर्गात तिला सगळ्याजणी भागूबाई म्हणत. भित्री भागूबाई, आणखी काय. सरावासाठी दिलेल्या संत्र्यात सुई टोचतानासुद्धा ती त्याला दुखलं का विचारते, अशी तिची थट्टा व्हायची. परीक्षेत मात्र पहिली आली तीच. शिकवणाऱ्या सिस्टर तेव्हा म्हणाल्या होत्या की घाबरणारी बाई मला चालते, घाई करणारी चालत नाही.

आज एकटीने काम करायचा तिचा पहिलाच दिवस, आणि पहिल्याच घरी वीस मिनिटं उशीर. एकसारख्या चार इमारती, त्यातल्या तीन चढून-उतरून झाल्यावर चौथीत घर सापडलं.

दार पेशंट आजींच्या मुलाने उघडलं. ऑफिसचे कपडे, पायात बूट, नजर घड्याळावर. आईला नाश्त्याआधी चौदा युनिट, त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं. मागच्या महिन्यात बायकोने चुकून जास्त दिलं, आई बेशुद्ध पडली, दोन दिवस दवाखान्यात काढले. तेव्हापासून बायकोने इन्सुलिनच्या पेनला हात लावायचा नाही. हे शेवटचं त्याने स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आत भांड्यांचा आवाज थांबला.

भागूबाईने हात धुतले. आजींच्या बोटातून थेंब काढून साखर मोजली, एकशे अठ्ठावीस भरली. इन्सुलिन दिल्याची नोंद करायच्या तक्त्यात आजचा सकाळचा रकाना कोरा होता. तिने पेन उचललं तशा आजी शांतपणे म्हणाल्या, "झालं गं माझं."

सिस्टरांनी हे शंभरदा घोकून घेतलं होतं: रकाना कोरा आणि पेशंट म्हणतोय झालं, तर सुई खाली ठेवायची आणि फोन उचलायचा. कोरा रकाना म्हणजे दिलं नाही असं नव्हे, कोरा रकाना म्हणजे आपल्याला माहीत नाही.

मुलगा हसला. आईचं सगळं झालेलंच असतं, म्हणाला, काल घास तोंडात असताना जेवण झालं म्हणत होती.

दारात सून दुधाची वाटी घेऊन उभी होती. भागूबाईने तिला विचारलं, "वहिनी, सकाळी कुणी दिलंय का?"

"ती कशाला देईल?" उत्तर नवऱ्याने दिलं. सून वाटीकडे बघत राहिली.

भागूबाईने सिस्टरांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तेच. मुलाचा आवाज चढला. आई उपाशी बसलीय, मला उशीर होतोय, तुम्हाला शिकवून पाठवतात की विचारायला पाठवतात, संध्याकाळी तुमच्या ऑफिसात तक्रार जाईल. पहिलाच दिवस, पहिलंच घर. सुईला घाबरायचं तिथे ती माणसाला घाबरली.

तिने पेनला नवी सुई लावली. दोन युनिट हवेत सोडून सुई चालते का ते बघितलं. मग पेनची चकती टक टक करत चौदावर आणली. आजींच्या पोटाची चिमूट धरली. सगळं शिकवल्याबरहुकूम, एकही पायरी चुकली नाही. सुईचं टोक कातडीला टेकतंय तोच मागून कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं.

"मी दिलंय," सून म्हणाली. "तुम्ही येईनात. त्यांना भूक लागली होती. चौदाच दिलं, तीनदा बघून."

मुलगा मटकन खुर्चीत बसला.

भागूबाईने सुई बाजूला केली. टोपण लावून पेन खाली ठेवलं. नाश्ता लगेच द्या, पोटभर द्या, एवढंच ती बोलली. सुनेने सासूला दुधात बुडवलेला पाव भरवायला घेतला. चौदा आणि चौदा, अठ्ठावीस युनिट. हा आकडा काही केल्या भागूबाईच्या डोक्यातून जाईना.

तेवढ्यात सिस्टरांचाच फोन आला. मुलाने तिच्या हातातून तो जवळजवळ ओढून घेतला आणि स्वतःच सगळं सांगितलं. तुमची बाई हुशार आहे, म्हणाला, तिला शंका आली म्हणून आई वाचली. ज्याने आत्ता तक्रारीची धमकी दिली त्याचंच हे प्रशस्तिपत्रक. फोन परत हातात आला तेव्हा पलीकडून सिस्टर म्हणत होत्या, "शाबास. दिलं नाहीस ना?"

"नाही" म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं.

"सिस्टर, मी देत होते," ती म्हणाली. "सुई टेकली होती. वहिनींनी हात धरला म्हणून."



"हे सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," सिस्टर म्हणाल्या. "आता तुझं काय करू मी?"

भागूबाईने आजींकडे पाहिलं. त्या पाव चावत होत्या, आणि सून त्यांची हनुवटी पुसत होती.

"मला पुन्हा शिकवा," ती म्हणाली.