मोनालीचा ग्रंथ

बाळ झोपत नव्हतं म्हणून मोनाली वाचायला लागली. नाहीतर बी.कॉम.च्या गाईडपलीकडे पुस्तकाला हात लावणाऱ्यांतली ती नव्हेच. पण चार महिन्यांचा हिमांशु पक्का हट्टी. आईचा आवाज थांबला की याचा भोंगा सुरू! गाणी संपली, बडबड संपली, तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं, "काही तरी वाचाले आना बाप्पा. जाडं आना." राजदीपचं तिरोड्यात झेरॉक्सचं दुकान. त्यानं तिथल्या वाचनालयातून शंभर वर्षांपूर्वीची एक कादंबरी उचलली, ती निव्वळ जाडी पाहून.

सुरुवातीची पानं मोनालीनं शिव्या घालतच वाचली. एकेक वाक्य म्हणजे मालगाडी, डबे संपता संपेनात. पण मग त्यातली अंबू, एवढीशी विधवा पोर, दिराशी भांडून अक्षरं शिकायला बसली आणि मोनाली तहानभूक विसरली. भाकरी तव्यावर अन् जीव अंबूपाशी! हिमांशु झोपला तरी हिचं वाचन चालूच, तेही मोठ्यानं, हेल काढून.

त्यातच बौद्धांचा पावसाळी वर्षावास लागला. आषाढी पौर्णिमेपासून गावच्या बुद्धविहारात रोज धम्माच्या ग्रंथाचं वाचन असतं, पांढरी पातळं नेसून बाया ऐकायला जातात. मोनालीच्या सासूबाई दुर्गाबाई त्यात सगळ्यांच्या पुढे. त्यांनी भिंतीपलीकडून सुनेचा हेल ऐकला आणि त्यांना वाटलं, सून घरीच ग्रंथ वाचते! मग काय विचारता. "मोना ग्रंथ वाचून राहिली, कोनी हाका नोका मारू," असा हुकूम सुटला. दुपारची भांडी त्या स्वतः घासायला लागल्या.

हे मोनालीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. खरं सांगावं असं ओठांवर आलं. पण दिवसभरात हा एवढाच वेळ तिचा होता. सांगितलं की तो गेला. बाई मूग गिळून बसली. आपण असतो तर लगेच सांगितलं असतं, असं म्हणून कोणी नाकानं कांदे सोलू नयेत.

भोवलं ते श्रावणी पौर्णिमेला. भरदुपारी दुर्गाबाई शेजारच्या जमुनाबाई आणि धुरपताबाईंना घेऊन दारात हजर. अंगावर पांढरी पातळं, काखेत चटई, ताटात फुलं अन् मेणबत्ती. "वाच वं बाई. यायलेबी आयकू दे."

मोनाली एका हातानं मांडीवरच्या हिमांशुला थोपटत, दुसऱ्या हातात पुस्तक धरून बसली होती. खरा ग्रंथ कपाटात होता. तो काढला असता तर निभावलं असतं. पण धुरपताबाई तिच्या पुस्तकापुढे मेणबत्ती लावायला वाकल्या आणि तिला राहवेना.

"आई, थांबा. हा ग्रंथ नोहे, कादंबरी होय. मी सांगतलं नाही. चुकलं माह्यं."

दुर्गाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "गावभर सांगतलं ना मी! लाज काढली तू माही."

जमुनाबाई गुपचूप चटई गुंडाळायला लागल्या. मोनालीनं पुस्तक मिटलं. संपलं सगळं, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

"पन सांगतलं काऊन नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमी मंग वाचू देल्लं नसतं."

"नसतंच देल्लं," दुर्गाबाई फटकन म्हणाल्या. मग खाटेच्या कडेला टेकल्या. "मी शाळा पायली नाही बाई. मोठ्यानं वाचलं म्हंजे ग्रंथच, एवढंच मले ठावं." त्यांनी मिटलेल्या पुस्तकाकडे बोट केलं. "त्या पोरीले शिकू देल्लं का नाही?"

"कोनत्या पोरीले?"

"तुह्या अंबूले. भिंतीतून नाव आयकू ये. मले वाटलं, कोनी भिक्खुनी असन."

मोनालीला रडता रडता हसू फुटलं. "अजून भांडूनच राहिली थे."

"मंग वाच. पन मेनबत्ती लावाची नाही. थे विहारात."

जमुनाबाईंनी चटई पुन्हा अंथरली. धुरपताबाईंनी न विचारता हिमांशुला मोनालीच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं आणि पाय हलवायला लागल्या. त्याच्या जन्मानंतर पहिल्यांदाच मोनालीनं पुस्तक दोन्ही हातांनी धरलं.