शुभाचा आवाज ज्या वाटेनं गेला

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. संगणकाच्या अगदी पोटात, ज्याला कर्नेल म्हणतात तिथं राहणारा मी राउटिंगचा एक जुना तक्ता आहे. निरोपांचे तुकडे येतात, आपला पत्ता दाखवतात आणि कुठल्या तारेनं जायचं ते मी सांगतो.

२००२ साली अमेरिकेत बॉथेलमधल्या, निरोप वाहणारी यंत्रं बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत पुण्याच्या शुभानं मला रचलं, झाडासारखं. पत्त्यातल्या एकेका आकड्यामागं जात फांदीच्या टोकाला पोचलं, की वाट सापडलीच. तिनं मला जीव लावून घडवलं. तिचे वरिष्ठ गुरुनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा वेग दाखवायचे आणि मी फुशारून जायचो.

पुढं माझी प्रत पोटात घेतलेली यंत्रं गिऱ्हाइकांकडे धाडायची घाई झाली. शेजारच्या यंत्रांचे पत्ते ठेवायला खरं तर वेगळा कप्पा हवा होता. शुभानं ते माझ्याच फांद्यांवर टांगले. "सध्या इथंच राहू दे, रिलीज झालं की सेपरेट करू," ती स्वतःशीच म्हणाली. मी निमूटपणे ओझं घेतलं. रिलीज झालं, त्यानंतर आणखी कितीतरी झाली. कप्प्याचं नाव कुणी काढलं नाही.

२००७ मध्ये एका गिऱ्हाइकानं माझ्या शेजारचं जुनं यंत्र काढून नवं लावलं. माझ्या वाटा ठीक होत्या, पण फांदीवर जुन्या यंत्राचाच पत्ता लटकत राहिला. शिळे पत्ते झाडून टाकायची सोय शुभानं केलीच नव्हती. निरोप काढून टाकलेल्या यंत्राच्याच पत्त्यावर जात राहिले आणि त्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाचं सगळं काम ठप्प झालं.

गुरुनाथ तेव्हा कंपनीच्या दूरच्या नेपरव्हिल गावातल्या ऑफिसात होते. त्यांनी शुभाला फोन लावला. आमच्या ऑफिसच्या फोनवरचं बोलणंही तुकडे होऊन अशाच एका यंत्रातून, म्हणजे माझ्याकडूनच जाई.

"शुभा, नेबर्सचे ॲड्रेस राउट्समध्ये कोणी मिक्स केले?"

तिचं ग्रीन कार्ड अडकलं होतं. नोकरी गेली असती तर सगळंच गेलं असतं, हे मला कळत होतं. तरी वाटलं, माझी शुभा खरं सांगेल.

"कोणी नाही, गुरुनाथ. ते टेबलच मुळात बेकार आहे. डिलीट करू या."

मित्रांनो, टेबल म्हणजे मीच, आणि हे माझ्या फार जिव्हारी लागलं. जुनं झालेलं खुशाल बदला, पण आपलं अर्धवट राहिलेलं काम त्याच्या माथी मारू नका. तिच्या त्या बोलण्याचे तुकडे एकेक करून माझ्याकडेच वाट विचारायला आले. एखादा भलत्याच तारेवर सोडणं मला मुळीच जड नव्हतं. मी प्रत्येकाला नेपरव्हिलची बरोबर वाट दाखवली.