वायुबाबाचं तेल आणि दोन घड्याळं

नव्या डांबरी रस्त्याच्या दुतर्फा माणसांची ही झुंबड उडाली होती. रस्ता अजून गाड्यांना खुला नव्हता. दोनशे मीटर सरळसोट पट्टा. एका टोकाला भोंगा, लाल फडकं आणि घंटा घेऊन वायुबाबा, दुसऱ्या टोकाला घड्याळ धरलेला त्याचा शिष्य. बेकरीवाला धापा टाकत रेघेपर्यंत पोचला. आधी त्याचं पोट पोचलं, मग तो.

"तेलाआधीपेक्षा सहा दशांश सेकंद कमी!" शिष्य किंचाळला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"पोटरीत वारा भरलाय, बाळांनो!" बाबा गरजला. "हाड दुखतं? वाऱ्याला कुठे हाड असतं? तेल चोळा आणि पळा!"

गर्दीतल्या गणिताच्या बाईंच्या जिवाची मात्र नुसती घालमेल चालली होती. पुढच्या रांगेत त्यांची लेक उभी होती. तिच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. सहा आठवडे पळायचं नाही, नाहीतर हाड मोडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि रविवारी संघाची निवड होती.

"चल घरी," बाई तिचा दंड धरून म्हणाल्या.

"आई, सोड! तेल लावल्यापासून माझीही वेळ सहा दशांशाने उतरलीय. घड्याळ खोटं बोलतं का? तुझ्या शर्यती फळ्यावर, माझी रस्त्यावर."

बाईंच्या डोळ्यांपुढे लेक पळत गेली आणि रेघ ओलांडताना तिचा ओठ दाताखाली गेलेला त्यांना दिसला. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात धड चित्त लागेना. दोनदा खडू मोडला. समोर शर्यतीचंच गणित होतं. "दोघांचाही वेग दहा टक्क्यांनी वाढला, तर जास्त वेळ कोणाचा वाचेल?"

"हळू पळणाऱ्याचा!" वर्ग एका सुरात ओरडला. "त्याला मुळात वेळच जास्त लागतो ना, बाई!"

बाई थबकल्या. मग बेकरीवाल्याचे आणि आपल्या पोरीचे सारखेच सहा दशांश कसे वाचले? पायांत जोर आला असता, तर बेकरीवाल्याचे जास्त वाचायला हवे होते. म्हणजे गडबड पायांत नव्हती, घड्याळात होती!

संध्याकाळी त्या तडक रस्त्यावर गेल्या.

"बाबा, मीही पळते. बिनतेलाची."

हशा पिकला. बाई पुढे म्हणाल्या, "तेलाआधी तुम्ही लाल फडकं खाली टाकता आणि शिष्य ते पाहून घड्याळ सुरू करतो. तेलानंतर मात्र त्याला डोळे मिटायला लावता आणि घंटा वाजवता. आज दोन्ही एकदम करा. माझी लेक दुसरं घड्याळ घेऊन फडकं बघेल, तुमचा शिष्य डोळे मिटून घंटा ऐकेल."

"बिनतेलाच्या माणसाला घंटा चालत नाही! शक्तीचा कोप होईल!"

"का बरं?" बेकरीवाल्याने विचारलं. "होऊन जाऊ द्या की!"

गर्दीने एकच गिल्ला केला. बाबाचा नाइलाज झाला. फडकं पडलं, घंटा वाजली आणि बाई चपला काढून जीव घेऊन पळाल्या. रेघ ओलांडताच दोन्ही घड्याळं थांबली. शिष्य हात पाठीमागे नेऊ लागला, तर बेकरीवाल्याने त्याचं मनगट धरलं. लेकीने दोन्ही घड्याळं पाहिली. एकदा, मग पुन्हा.

"आईची एकच धाव," ती हळूच म्हणाली, "पण घंटेच्या घड्याळात सहा दशांश कमी."

"आवाज एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर जातो," बाई धापा टाकत म्हणाल्या. "दोनशे मीटर यायला त्याला जवळजवळ सहा दशांश सेकंद लागतात. तोवर माणूस पळत सुटलेला असतो आणि घड्याळ मात्र बंदच! तेलाने कोणी जलद झालं नाही. आपण मोजायला उशीर केला."

बाबाने भोंगा उचलून काढता पाय घेतला. आता त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

"चमत्कार दिसला की आधी विचारा, मोजलं कोणी आणि कसं," बाई लोकांना म्हणाल्या. "विचारायला लाजू नका. तुमच्या लेकराच्या हाडाचा प्रश्न असतो."

लेक मटकन रस्त्याकडेला बसली. तिने मोजा खाली केला. नडगी टरारून सुजली होती.

"आई, चार दिवस खूप दुखतंय गं," ती म्हणाली. "वेळ कमी येत होती, म्हणून मला वाटलं, दुखणंच खोटं असेल."

बाईंनी तिला पाठीवर घेतलं आणि त्या दवाखान्याच्या दिशेने चालू लागल्या.