पुढून उजवं, मागून डावं

पुढची बाजू

"मावशी, तासभर थांबू या की. तुमच्या लेकीची मुलाखत तरी उरकू दे."

"आणि तासाभरात दुसरं कार्ड गेलं तर? सगळ्या शहराची दातखीळ बसेल. तिचीही."

गोगलगाय, तिचा मदतनीस, हत्यारांची पेटी उघडू लागला. हे नाव मावशीनेच ठेवलेलं. साधा स्क्रू पिळायलाही त्याला मुहूर्त लागे.

समोर कपाटाएवढा राउटर घोंघावत होता. पुढच्या कार्डांतून शहराचं बोलणं आत शिरतं. मागची कार्डं ते इकडून तिकडे पोचवतात. मागचं एक सकाळी मेलं होतं. बाकीची त्याचाही भार ओढत होती. आणि घरी लेक इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसली होती. दोन वर्षांनी आलेलं पहिलं बोलावणं. तिचा प्रत्येक शब्द याच कपाटातून जायचा होता.

रिकामी जागा

(प्रत्येक राउटरमध्ये एखादी जागा रिकामी असते. तिच्यावर पत्रा ठोकतात. नाही ठोकला तर पंख्यांचा वारा तिथूनच पळतो आणि कामाची कार्डं तापतात. मावशीच्या डोक्यातला पत्रा आज कुणीतरी काढला होता. सगळा वारा घराकडे.)

मागची बाजू

कार्डं पंख्यांच्या आड. पंखे काढले की घाई. उशीर झाला तर यंत्र तापून आपणहून मान टाकतं.

मावशीने पंखे उतरवले. आत हात घातला.

"उजवीकडून दुसरं. ओढू?"

पुढच्याने पडद्यावर पाहून 'ओढा' म्हणायचं, मगच ओढायचं. हा दोघांचा रिवाज. भांडण झालं असलं तरी न मोडायचा.

पुढून आवाज नाही.

"अरे बाबा, आज तरी लवकर बोल!"

 गरम धातूचा वास. तिची बोटं कार्डाच्या खिटीवर आवळली.

"मावशी, हात काढा."

"काय?"

"पडद्यावर उजवं, ते पुढून उजवं. तुम्ही मागे आहात. हाताखाली आहे ते जिवंत आहे."

तिने हात असा काढला, जणू झोपलेल्या बाळावरून.

"डावीकडून दुसरं," ती म्हणाली. "ओढू?"

या वेळीही तो थांबलाच. मग म्हणाला, "ओढा."

पुन्हा पुढची बाजू

नवं कार्ड बसलं, पंखे लागले, दिवा हिरवा झाला. दुपारी तिने घरी फोन लावला.

"कशी झाली गं?"

"मस्त! सोमवारपासून या म्हणाले."

"मधे कुठे अडकलं वगैरे?"

"नाही. का?"

"सहज."

गोगलगायीने मान वर केली. "सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? काही झालंच नाही." तिने डब्यातला मोठा घास त्याच्याकडे सरकवला. "खा. सावकाश."

मग ती मागे जाऊन पंख्यांच्या उबदार झोतात उभी राहिली. त्या खिटीवरून काढलेली बोटं अजून गार होती. ती उलटीसुलटी करून शेकत राहिली.